मेमरी भरते, पण टॉपमध्ये खाणारा कुणीच दिसत नाही: कर्नेलच्या स्लॅबचं दुखणं कसं शोधायचं

लक्षण असं असतं. लिनक्स सर्व्हर १६ जीबीचा. चालू केल्यावर दोन-तीन दिवस सगळं ठीक, मग मेमरीचा आलेख रोज थोडा थोडा वर सरकतो. टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) उघडून मेमरीनुसार क्रम लावला तर सगळ्या प्रोसेसची बेरीज जेमतेम चार-पाच जीबी भरते. उरलेली कुठे गेली ते कुणालाच सांगता येत नाही. शेवटी रात्री अडीचला अलर्ट येतो, ड्यूटीवरचा माणूस सर्व्हर रीस्टार्ट करतो, आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा.

आधीच्या एका नोकरीत मी हे दुखणं बरेच दिवस अंगावर काढलं. तेव्हा आमच्याकडचा उपाय म्हणजे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेत) टाकलेली एक ओळ: दर तासाला ड्रॉप_कॅशेस या फाइलीत ३ लिहायचं, म्हणजे कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आपली साठवण रिकामी करतो. आलेख खाली यायचा, अलर्ट थांबायचे. डेटाबेस मात्र दर तासाच्या ठोक्याला अडखळायचा, आणि या दोन गोष्टींचा संबंध लावायला आम्हाला फार वेळ लागला. तुमच्या क्रॉनमध्ये अशी ओळ असेल तर निदान होईपर्यंत ती बंद ठेवा. ती चालू असेपर्यंत नेमकं काय वाढतंय ते दिसतच नाही. आपल्या नकळत दुसरं कुणी हे करतंय का, हे कर्नेलच्या लॉगमध्ये कळतं. तिथे ड्रॉप_कॅशेस असा शब्द, लिहिणाऱ्या प्रोसेसचं नाव आणि क्रमांक उमटलेला असतो.

आधी बेरीज जुळवा

सगळ्यात आधी /प्रॉक/मेमइन्फो (मेमरीचा हिशोब दाखवणारी कर्नेलची फाइल) वाचा, आणि फ्री या कमांडवर फार विसंबू नका. फ्रीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या स्लॅब (कर्नेलने स्वतःच्या छोट्या वस्तूंसाठी घेतलेली मेमरी) वेगवेगळ्या रकान्यात धरतात. काही मॉनिटरिंग साधनं तर एकूण मेमरीतून मोकळी, बफर आणि कॅश्ड एवढंच वजा करतात आणि उरलेलं सगळं ‘वापरात’ दाखवतात. म्हणजे कर्नेलने सहज परत देता येईल अशी साठवलेली मेमरीसुद्धा तुमच्या आलेखात गळतीसारखी दिसते. मेमअव्हेलेबल हा आकडा २०१४ मध्ये कर्नेल ३.१४ पासून मिळतो, आणि अलर्ट लावायचाच तर त्याच्यावर लावा. परत मिळू शकणाऱ्या स्लॅबचा मोठा हिस्सा त्यात धरलेला असतो.

मग या ओळी पाहा: स्लॅब, एसरीक्लेमेबल, एसअनरीक्लेम, पेजटेबल्स, कर्नेलस्टॅक, परसीपीयू. स्लॅब म्हणजे त्यापुढच्या दोघांची बेरीज. एसरीक्लेमेबल मोठं असेल तर ती कर्नेलची साठवण आहे, तंगी आली की बरीचशी परत येते. एसअनरीक्लेम मोठं असेल आणि वाढतच असेल, तर कुणीतरी वस्तू घेऊन बसलंय आणि परत करत नाहीये. या दोन रोगांची औषधं अगदी वेगळी आहेत. आम्ही पहिल्याच पायरीवर चुकलो, कारण नुसता ‘स्लॅब’ बघून गळती आहे असं ठरवून टाकलं आणि एका बिचाऱ्या नेटवर्क ड्रायव्हरच्या मागे लागलो.

कधी कधी सगळ्या ओळींची बेरीज केली तरी एकूण मेमरीशी जुळत नाही. अशा वेळी तीन जागा तपासा. ह्यूजपेजेस (मोठ्या मापाची मेमरीची पानं) राखून ठेवलेली असली, तर कुणी वापरत नसलं तरी ती गेलेलीच असतात. व्हर्च्युअल मशीन असेल तर बलून ड्रायव्हरने खालच्या होस्टसाठी मेमरी फुगवून काढून घेतलेली असू शकते. तिसरी जागा म्हणजे एखादा ड्रायव्हर, जो स्लॅबकडे न जाता थेट पानंच (मेमरीचे ४०९६ बाइटचे तुकडे) मागतो. अशी पानं मेमइन्फोच्या कुठल्याच ओळीत मोजली जात नाहीत.

कोणता डबा भरलाय

स्लॅब ही कल्पना जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये सन कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मांडली. कर्नेलला एकाच जातीच्या छोट्या वस्तू लाखोंनी लागतात, म्हणून प्रत्येक जातीचा वेगळा डबा ठेवायचा. मेमरी पानापानाने घ्यायची, पान त्या वस्तूंच्या मापाने कापायचं, आणि सुटलेली वस्तू त्याच डब्यात पुन्हा वापरायची. लिनक्समध्ये आता या कामाला स्लब नावाचा ॲलोकेटर आहे. तो ख्रिस्तोफ लॅमेटर यांनी लिहिला आणि २००७ मध्ये कर्नेल २.६.२२ मध्ये आला. जुना स्लॅब ॲलोकेटर २०२४ मध्ये ६.८ मधून काढून टाकला, तरी बोलताना सगळे अजून स्लॅबच म्हणतात.

स्लॅबटॉप चालवा आणि क्रम कॅशेच्या एकूण आकारानुसार लावा. त्यासाठी एस पर्यायापुढे सी द्यायचा. रूटचे अधिकार लागतात. वरच्या चार-पाच नावांत बहुधा उत्तर असतं. एकदाच बघून मात्र काही ठरवू नका. /प्रॉक/स्लॅबइन्फो ही फाइल दर तासाला तारीख-वेळेच्या नावाने कॉपी करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दोन प्रतींमधला फरक काढा. मोठा डबा आणि वाढणारा डबा वेगळे असू शकतात, आणि आपल्याला वाढणारा हवा असतो.

इथे एक फसवणूक होते, ती माहीत असलेली बरी. स्लब सारख्या मापाचे डबे गुपचूप एकत्र करतो आणि त्यांतलं एकच नाव दाखवतो. म्हणजे स्लॅबटॉपमध्ये दिसणाऱ्या नावाचा त्या वस्तूंशी काही संबंध नसेलही. /सिस/कर्नेल/स्लॅब मध्ये सिमलिंक पाहिल्या की कोण कोणात मिसळलंय ते कळतं. तरीही उलगडा होत नसेल तर बूटच्या ओळीत स्लॅब_नोमर्ज लिहून मशीन पुन्हा चालू करा. चाचणीच्या मशीनवर मी हे सरसकट चालूच ठेवतो.

आमच्या बाबतीत: डेंट्री

आमच्याकडे सगळ्यात वर डेंट्री होतं, आणि संख्या कोटींमध्ये. त्या डिस्कवर एवढ्या फाइली नव्हत्याच. तिथेच खरं तर उलगडा व्हायला हवा होता.

डेंट्री म्हणजे फाइलच्या मार्गातल्या एकेका नावाची कर्नेलने मेमरीत ठेवलेली नोंद, हे नाव कुठल्या आयनोडकडे (फाइलच्या माहितीच्या नोंदीकडे) जातं ते सांगणारी. ६४ बिटच्या मशीनवर ती साधारण १९२ बाइटची असते, म्हणजे ४०९६ बाइटच्या एका पानात २१ बसतात. पण कर्नेल नसलेल्या फाइलींचीही नोंद ठेवतो. तुम्ही एखादी फाइल मागितली आणि ती नसली, तर ‘इथे हे नाव नाही’ एवढं सांगणारी डेंट्री तयार होते, पुढच्या वेळी डिस्कपर्यंत जावं लागू नये म्हणून. तिला निगेटिव्ह डेंट्री म्हणतात. कल्पना चांगलीच आहे. एखादा प्रोग्राम लायब्ररी शोधताना दहा ठिकाणी बघतो आणि नऊ ठिकाणी ती नसते, तेव्हा हीच नोंद वेळ वाचवते. पण कुणी दर वेळी नवं, पुन्हा कधीच न येणारं नाव विचारत राहिलं, तर प्रत्येक प्रश्नामागे १९२ बाइट साचत जातात, आणि मेमरीची तंगी येईपर्यंत त्या काढायची कर्नेलला निकड नसते.

विचारणारा कोण, हे शोधायला आम्ही एसट्रेस हे साधन वापरलं, जे प्रोसेस कर्नेलला काय काय विचारते ते दाखवतं. एकेक सेवा थोडा वेळ तपासली, काही मिळालं नाही. मग दर मिनिटाला चालणारी आरोग्यतपासणीची छोटी स्क्रिप्ट पाहिली. ती कर्लने (वेब पत्त्याला विनंती पाठवणाऱ्या कमांडने) एका एचटीटीपीएस पत्त्याला विचारायची, ‘जिवंत आहेस ना?’ बस. त्या एका कर्लखाली ॲक्सेस या सिस्टिम कॉलच्या हजारो ओळी होत्या. सगळ्या एनएसएस या सुरक्षा लायब्ररीच्या डेटाबेसच्या डिरेक्टरीत, सगळ्या फाइलींचं नाव बिंदूने सुरू होणारं, मग एक बदलता आकडा, मग ‘डझनॉटएक्झिस्ट’, आणि सगळ्यांचं उत्तर ईनोएंट, म्हणजे अशी फाइल नाही.

झालं होतं असं. सेंटओएस ६ आणि ७ वरचं कर्ल टीएलएससाठी (एचटीटीपीएसच्या सांकेतिकीकरणासाठी) एनएसएस ही लायब्ररी वापरायचं. प्रमाणपत्रांचा डेटाबेस नेटवर्क डिस्कवर असला तर कॅशे ठेवणं फायद्याचं, म्हणून डिस्क किती चपळ आहे हे ती लायब्ररी सुरुवातीलाच मोजायची. मोजायची रीत अशी की अस्तित्वात नसलेल्या फाइली विचारायच्या, ३३ मिलिसेकंद संपेपर्यंत किंवा १०,००० वेळा, जे आधी होईल ते. आणि नावात घड्याळावरून घेतलेला आकडा असल्यामुळे दर खेपेला नावं नवी.

आता हिशोब करा. एका कर्लमागे जास्तीत जास्त १०,००० डेंट्री, प्रत्येकी १९२ बाइट, म्हणजे सुमारे १.९ एमबी. दिवसाला १,४४० मिनिटं. दर मिनिटाला एक कर्ल धरलं तरी दिवसाला वरची मर्यादा पावणेतीन जीबीपर्यंत जाते. डिस्क जितकी वेगवान, तितकी ३३ मिलिसेकंदांत जास्त नावं विचारून होतात. आम्ही सर्व्हर एसएसडीवर नेल्यानंतर त्रास वाढला, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला.

उपाय एका ओळीचा निघाला. स्क्रिप्ट चालते त्या वातावरणात एनएसएस_एसडीबी_यूज_कॅशे हा चल येस ठेवायचा, म्हणजे मोजणी होत नाही. लायब्ररी फार जुनी असेल तर आधी ती अद्ययावत करा. सेवा सिस्टिमडीखाली (सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामखाली) चालत असेल तर चल तिच्या युनिट फाइलीत लिहा. नुसता प्रोफाइलमध्ये लिहिला तर तो क्रॉनला आणि सिस्टिमडीला मिळत नाही, आणि ‘केलं तरी फरक नाही’ असं वाटून माणूस चुकीच्या वाटेला लागतो. रेड हॅटच्या ८ व्या पिढीपासून कर्ल ओपनएसएसएल ही दुसरी लायब्ररी वापरतं, त्यामुळे तिथे हा विशिष्ट प्रश्न उरत नाही. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, तरी बंदिस्त जाळ्यांमध्ये ती मशीनं अजून चालू आहेत. हे सविस्तर लिहिलं ते त्यांच्यासाठी.

तुमच्याकडे कर्ल नसेल तरी तपासाची वाट तीच आहे. /प्रॉक/सिस/एफएस/डेंट्री-स्टेट वाचा. पहिला आकडा एकूण डेंट्री, दुसरा सध्या कुणीच न धरलेल्या, आणि कर्नेल ५.० पासून पाचवा आकडा निगेटिव्ह डेंट्रींचा. पाचवा पहिल्याच्या जवळ असेल तर कुणीतरी नसलेल्या फाइली मागतंय, किंवा एकदाच वापरायच्या नावाच्या तात्पुरत्या फाइली बनवून पुसतंय. फाइल पुसल्यावर तिच्या नावाची निगेटिव्ह डेंट्री मागे राहू शकते. सेशनच्या फाइली, अपलोडच्या तात्पुरत्या फाइली, चाचण्या चालवणारी बिल्ड मशीनं, हे नेहमीचे संशयित. शक्य असेल तिथे अशा फाइली टेम्पएफएसवर (मेमरीतल्या फाइलसिस्टिमवर) न्या आणि दर खेपेला नवं नाव बनवण्याऐवजी ठरावीक नावं फिरवून वापरा. आणखी एक बारीक गोष्ट: लहान नाव डेंट्रीच्या पोटातच मावतं. अनेक वर्षं ही मर्यादा ३१ बाइटची होती. त्याहून लांब नावासाठी वेगळी मेमरी घ्यावी लागते. साठ-सत्तर अक्षरांची यादृच्छिक नावं बनवणारे प्रोग्राम म्हणून जास्त महाग पडतात.

डेंट्रीबरोबर एक्स्ट४_आयनोड_कॅशे किंवा एक्सएफएसचे आयनोडही वाढलेले दिसले, तर तो बहुधा रात्रीचा बॅकअप, आरसिंक किंवा लोकेटची यादी बनवणारा अपडेटडीबी असतो. एक्स्ट४ चा आयनोड मेमरीत सुमारे १ केबीचा असतो. १० लाख फाइली चाळल्या की आयनोडांचे सुमारे १ जीबी आणि डेंट्रींचे सुमारे १९२ एमबी होतात. हे नैसर्गिक आहे. पहाटे चढलं आणि तिथेच सपाट राहिलं तर सोडून द्या.

ड्रॉप_कॅशेस आणि व्हीएफएस_कॅशे_प्रेशर

कारण सापडून दुरुस्त झाल्यावर, साचलेलं एकदा काढायला ड्रॉप_कॅशेसमध्ये २ लिहा. २ म्हणजे डेंट्री-आयनोडसारखा परत मिळणारा स्लॅब, १ म्हणजे फाइलींची पानं, ३ म्हणजे दोन्ही. डेटा बिघडत नाही, पण उपयोगाच्या गरम नोंदीही जातात आणि मग प्रत्येक मार्ग पुन्हा डिस्कवरून वाचावा लागतो. आमच्या डेटाबेसचं अडखळणं म्हणजे नेमकं हेच होतं. कोटीभर डेंट्री एका झटक्यात काढताना मशीन काही क्षण गुदमरतं, म्हणून वर्दळ कमी असेल तेव्हा करा.

व्हीएफएस_कॅशे_प्रेशर वाढवा असा सल्ला सर्रास मिळतो. मूळ मूल्य १००. वाढवलं तर कर्नेल डेंट्री-आयनोड जास्त जोमाने काढतो, पण फक्त जेव्हा मेमरी परत मिळवायची वेळ येते तेव्हाच. भरपूर मेमरी मोकळी असताना ते २०० केलं काय आणि १००० केलं काय, आलेख तसाच चढणार. तात्पुरतं २०० ठेवायला माझी हरकत नाही. शून्य मात्र कधीही ठेवू नका. तेव्हा कर्नेल या नोंदी काढतच नाही आणि शेवटी प्रोसेस मारायची वेळ येते.

मग परत मिळणारीच मेमरी आहे तर काळजी कशाला, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि पुष्कळदा उत्तर ‘काळजी नकोच’ हेच असतं. पण डेंट्री शोधायचा हॅश तक्ता मशीन चालू होतानाच मेमरीच्या प्रमाणात ठरतो, नंतर वाढत नाही. डेंट्री कोटींमध्ये गेल्या की त्याच्या साखळ्या लांबतात आणि प्रत्येक फाइल उघडणं किंचित मंद होतं. आणि कंटेनर असेल तर गोष्ट आणखी वेगळी होते.

कंटेनरमध्ये

सीग्रुपची (कंटेनरला मर्यादा घालणाऱ्या कर्नेलच्या गटाची) मेमरी मर्यादा कर्नेलच्या वस्तूही मोजते. तुमच्या पॉडमधल्या (कुबरनेटीसमधल्या कंटेनरांच्या गटातल्या) प्रोसेसने घडवलेल्या डेंट्री त्या पॉडच्या खात्यावर पडतात. कुबरनेटीसमध्ये दिसणारा वर्किंग सेट म्हणजे एकूण वापरातून फक्त निष्क्रिय फाइल पानं वजा केलेला आकडा. स्लॅब त्यात राहतो. त्यामुळे ॲपचा हीप (ॲपने स्वतः घेतलेली मेमरी) ३०० एमबी आणि वर्किंग सेट ९०० एमबी असा देखावा दिसतो, आणि जावावाले मित्र हीप डंप काढून काढून थकतात. त्या सीग्रुपची मेमरी.स्टॅट फाइल उघडा. स्लॅब_रीक्लेमेबल आणि स्लॅब_अनरीक्लेमेबल या दोन ओळींत तो फरक सापडतो.

कंटेनर सतत जन्मतात-मरतात अशा मशीनवर आणखी एक जागा बघा: सीग्रुप.स्टॅट मधली एनआर_डाइंग_डिसेंडंट्स ही ओळ. सीग्रुप पुसला तरी त्याच्या खात्यावरचं एखादं पान जिवंत असेल तर त्याचा सांगाडा मेमरीत राहतो. जुन्या कर्नेलमध्ये हे फार महाग पडायचं, कारण प्रत्येक सीग्रुपसाठी डब्यांचा वेगळा संच असायचा आणि अर्धवट भरलेली पानं ठिकठिकाणी अडकायची. रोमन गुश्चिन यांच्या बदलामुळे २०२० मध्ये कर्नेल ५.९ पासून सगळे सीग्रुप तीच स्लॅब पानं वाटून घेतात आणि हिशोब वस्तूवार ठेवला जातो. तुमचं मशीन ५.९ च्या आधीच्या कर्नेलवर असेल आणि कंटेनर भरपूर असतील, तर माझा सल्ला सरळ आहे: बाकी कशाचीही खटपट करण्याआधी कर्नेल बदला.

परत न मिळणारा स्लॅब वाढतोय

आता अवघड बाजू. एसअनरीक्लेम रोज वाढत असेल तर नाव पाहा. एनएफ_कॉनट्रॅक असेल तर ती गळती नसेलही. फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद ठेवते, आणि जुळलेल्या टीसीपी जोडणीची मूळ मुदत ४,३२,००० सेकंद, म्हणजे पूर्ण पाच दिवस असते. बहुतेक सर्व्हरना एवढी लागत नाही. ती मुदत एका दिवसावर आणली तरी नोंदी भराभर कमी होतात. टास्क_स्ट्रक्ट वाढत असेल तर थ्रेड मोजा. एक्स८६ च्या ६४ बिट कर्नेलमध्ये प्रत्येक थ्रेडला १६ केबीचा कर्नेल स्टॅक लागतो, म्हणजे १०,००० थ्रेड नुसत्या स्टॅकचे १६० एमबी खातात.

नाव केमॅलॉक-६४, केमॅलॉक-२५६ असं असेल तर ते कुणाचंही असू शकतं, कारण केमॅलॉक म्हणजे कर्नेलमध्ये कुणीही मेमरी मागायला वापरतं ते फंक्शन. कर्नेल ६.१० किंवा पुढचा असेल आणि त्यात मेमरी ॲलोकेशन प्रोफाइलिंग चालू करून बांधलेलं असेल, तर /प्रॉक/ॲलोकइन्फो मध्ये कोडच्या प्रत्येक ओळीने सध्या किती मेमरी धरलीय ते थेट दिसतं. या कामासाठी इतकं उपयोगी दुसरं काही मी पाहिलेलं नाही. जुन्या कर्नेलवर स्लब_डीबग मध्ये यू पर्याय आणि त्या डब्याचं नाव देऊन मशीन चालू करा, म्हणजे प्रत्येक वस्तू कुणी मागितली याची नोंद राहते. हे करताना वस्तूंचं माप वाढतं आणि मशीन मंदावतं, म्हणून चाचणीच्या जागी करा. केममलीक हे तिसरं साधन. ज्या वस्तूकडे एकही पॉइंटर उरलेला नाही ती ते दाखवतं. पण वस्तू एखाद्या यादीत लटकून राहिली असेल, कुणी काढायचं विसरलं असेल, तर पॉइंटर असतोच आणि केममलीक गप्प बसतं. माझ्या अनुभवात खऱ्या गळत्या बहुतेक या दुसऱ्या जातीच्या निघाल्या.

स्लॅबबाहेरचा एक गुन्हेगार इथेच सांगतो, कारण लोक त्याला हमखास विसरतात: पेजटेबल्स, म्हणजे प्रोसेसचा कुठला पत्ता कुठल्या पानावर आहे ते सांगणारे तक्ते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ८ जीबीचे शेअर्ड बफर आहेत आणि २०० जोडण्या आहेत असं समजा. ८ जीबी म्हणजे ४ केबीची सुमारे २१ लाख पानं, प्रत्येकाच्या नोंदीला ८ बाइट, म्हणजे १६ एमबी. पण प्रत्येक जोडणी वेगळी प्रोसेस आहे आणि प्रत्येकीचा तक्ता वेगळा. सगळ्यांनी सगळे बफर हाताळले की २०० गुणिले १६, म्हणजे ३.२ जीबी नुसते तक्ते. बफर २ एमबीच्या ह्यूजपेजवर ठेवले तर दर जोडणीमागे १६ एमबीऐवजी ३२ केबी पुरतात.

मॉड्यूल तुमचंच असेल तर

ज्यांच्याकडे स्वतःचा ड्रायव्हर किंवा मॉड्यूल आहे त्यांच्यासाठी हा भाग, आणि मला सर्वात जिव्हाळ्याचा. लाखांनी बनणाऱ्या वस्तूत आठ बाइट वाचले तरी ते दिसतात.

पाहोल हे साधन अर्नाल्दो कार्व्हालो दे मेलो यांच्या ड्वार्व्ह्ज पॅकेजमध्ये मिळतं. ते डीबग माहितीवरून तुमच्या स्ट्रक्टमधली भोकं दाखवतं. एक बाइटचा फ्लॅग, मग ८ बाइटचा पॉइंटर, मग ४ बाइटचा काउंटर, मग पुन्हा पॉइंटर, असा क्रम लिहिला तर कंपायलर फ्लॅगनंतर ७ आणि काउंटरनंतर ४ बाइट रिकामे सोडतो. एकूण ३२. दोन्ही पॉइंटर आधी, मग काउंटर, मग फ्लॅग असं लावलं की २४.

यानंतर बरेच जण आनंदाने थांबतात, आणि स्लॅबटॉपमध्ये काहीच फरक पडत नाही. कारण केमॅलॉकचे डबे ठरलेल्या मापांचे आहेत: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६, मग ५१२ आणि पुढे दुप्पट. २४ मागितले तरी ३२ च मिळतात. फायदा हवा असेल तर केमेम_कॅशे_क्रिएटने स्वतःचा डबा करा. मग एका पानात १२८ ऐवजी १७० वस्तू बसतात. त्यातही सवयीने एचडब्ल्यूकॅशे_अलाइन हा फ्लॅग लावलात तर माप पुन्हा ३२ वर जातं आणि सगळी मेहनत वाया. हे मी एका सहकाऱ्याबरोबर बसून अर्धा दिवस शोधलं होतं.

याच मापांमुळे सगळ्यात मोठी नासाडी होते ती ‘थोडंसं जास्त’ मागण्यात. ५१२ बाइटचा डेटा आणि त्याला ८ बाइटचं शीर्षक जोडून ५२० मागितले, की १०२४ चा डबा मिळतो, ५०४ बाइट वाया. शीर्षक वेगळं ठेवा किंवा डेटा ५०४ वर आणा. कोड वाचताना मी आता स्ट्रक्टच्या भोकांआधी हे तपासतो.

बचत कशी करावी हे शिकायचं तर कर्नेलचा स्वतःचा कोड वाचा. हॅश तक्त्याच्या प्रत्येक खणाला दुतर्फी यादीचे दोन पॉइंटर लागले असते. एचलिस्ट_हेडमध्ये एकच ठेवला आणि तक्ता निम्मा झाला. लाल-काळ्या झाडाच्या गाठीत रंगासाठी वेगळी जागाच नाही. पालकाचा पत्ता नेहमी शब्दाच्या सीमेवर असतो, म्हणून त्याच्या रिकाम्या तळच्या बिटांत रंग बसवलाय, आणि गाठ ३२ ऐवजी २४ बाइटची राहिली. भौतिक मेमरीच्या दर पानामागे असणारं स्ट्रक्ट पेज ६४ बाइटचं आहे. १६ जीबीच्या मशीनवर तेवढ्यानेच २५६ एमबी जातात. म्हणून त्यात एकेक शब्द अनेक कामांसाठी युनियन करून वापरलाय, आणि तिथे एक बाइट वाढवायचा म्हटलं तरी मेमरीच्या मेंटेनर लोकांना पटवून द्यावं लागतं.

काही गोष्टी मात्र करू नका. पॅक्ड लावून भोकं बुजवू नका. पत्ते वाकडे होतात आणि काही प्रोसेसरांवर प्रत्येक वाचन महाग होतं. दोन वेगवेगळे सीपीयू ज्या बिटफील्डवर लिहितात ती शेजारी ठेवू नका. एकाचं लिखाण दुसरा पुसतो, आणि ती चूक महिन्यातून एकदा दिसते. आणि पाहोलला मोठं भोक दिसलं म्हणून लगेच भरू नका. शेजारच्या दोन फील्डवर दोन सीपीयू सतत लिहीत असतील तर ती वेगळ्या कॅशेलाइनवर राहावीत म्हणून कुणीतरी ते मुद्दाम सोडलेलं असू शकतं.

परसीपीयू वाटपाबद्दलही एक सांगतो. ही मेमरी ‘शक्य’ सीपीयूंच्या संख्येवर घेतली जाते, चालू सीपीयूंच्या नाही. काही व्हर्च्युअल मशीनं चारच सीपीयू देतात, पण पुढे जोडता यावेत म्हणून १२८ शक्य आहेत असं कर्नेलला सांगतात. /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/पॉसिबल वाचून खात्री करा, आणि गरज नसेल तर बूटच्या ओळीत एनआर_सीपीयूज देऊन मर्यादा घाला.

बदल केल्यावर मोजताना आधीच्या आणि नंतरच्या स्लॅबइन्फोच्या प्रती एकाच वाराच्या, एकाच तासाच्या घ्या. सोमवारी सकाळची प्रत रविवारी रात्रीच्या प्रतीशी ताडून काही कळत नाही. आम्ही एनएसएसचा तो चल लावला, ड्रॉप_कॅशेसची ओळ क्रॉनमधून काढली आणि पुढचे तीन आठवडे रोज दुपारी बाराची प्रत ठेवली. डेंट्रीची ओळ पहिल्या दोन दिवसांत बॅकअपमुळे थोडी चढली आणि मग तिथेच थांबली.